प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचा नव्हे

शौचावाटे रक्त पडले की रायपुरातील घरांतही ‘मूळव्याध’ किंवा ‘आमांश’ असे निदान घरच्या घरीच होते. संकोचाने रोगी महिनोन्‌महिने बोलत नाही. परंतु रक्तमिश्रित आव अनेक आठवडे थांबत नसेल, रात्रीही शौचास उठावे लागत असेल, तर मोठ्या आतड्याच्या अस्तरास सूज येऊन व्रण पडलेले असू शकतात. हाच अल्सरेटिव्ह कोलायटिस.

मलतपासणीने जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून डॉक्टर दुर्बिणीने आतडे पाहतात व अस्तराचा सूक्ष्म तुकडा तपासतात. ही सोय आता रायपुरातच आहे. सौम्य विकारात बहुधा मेसालामाइन पुरते. उग्र अवस्थेत कॉर्टिसोनवर्गीय औषध लागते, ज्याचा गुण ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९५५ साली सिद्ध केला. बरे वाटताच मनाने गोळ्या सोडणाऱ्यांचे रक्त मात्र पुष्कळदा पुन्हा सुरू होते.