कोरियन थरारपट, लेखांक ६ : ‘किल बोकसून’ – सुपारी घेणारी आई

‘किल बोकसून’ हा दक्षिण कोरियाचा मारधाडपट फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवला गेला आणि मार्चअखेरीस नेटफ्लिक्सवर आला. ब्यून सुंग-ह्यून यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची नायिका गिल बोकसून सुपारी घेऊन माणसे मारते आणि किशोरवयीन मुलीला एकटीने वाढवते. आई कार्यक्रमांच्या आयोजनाचे काम करते, एवढेच मुलीला ठाऊक आहे. बोकसूनच्या भूमिकेत जॉन दो-यॉन आहे. ‘सीक्रेट सनशाइन’मध्ये मुलगा गमावलेली आई साकारून तिने २००७ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला होता. इतकी तोलामोलाची अभिनेत्री लाभूनही चित्रपट फसतो.

सुरुवात मात्र झकास आहे. रात्रीच्या वेळी कुऱ्हाड घेतलेली बोकसून आणि तलवार घेतलेला याकुझा समोरासमोर उभे ठाकतात. द्वंद्व रंगते, आपण हरणार हे तिच्या ध्यानात येते आणि ती सरळ पिस्तूल काढून त्याला गोळी घालते. कारण काय, तर दुकान बंद व्हायची वेळ झाली आहे आणि घरचे सामान आणायचे आहे. खून आणि संसार एकाच बाईच्या दिवसात कसे बसतात, हे या प्रसंगात जितके नेमके दिसते तितके पुढे कुठेच दिसत नाही.

पुढचा बराच वेळ बोकसून जिच्यासाठी काम करते ती मारेकऱ्यांची कंपनी खाते. येथे खुनाच्या धंद्याला कॉर्पोरेट शिस्त आहे : अल्पवयीनांना मारायचे नाही, कंपनीने दिलेलीच कामे करायची आणि दिलेले काम पार पाडायचा प्रयत्न करायचाच. एका राजकारण्याच्या मुलाला मारण्याची सुपारी खुद्द बापानेच दिली आहे, हे कळल्यावर बोकसून तिसरा नियम मोडते. इथे आई जागी होते. पण पटकथा लगेच कंपनीप्रमुख, त्याची मत्सरी बहीण आणि सहकाऱ्यांच्या कुरघोड्यांकडे वळते.

दरम्यान मुलगी शाळेत एका मुलावर कात्रीने वार करते. तिचे एका मुलीवर प्रेम आहे आणि ते उघड करण्याची धमकी त्याने दिलेली असते. बोकसूननेही पूर्वी आपल्या हिंसक बापाला मारलेले आहे. आईचा वारसा लेकीत उतरतोय का, हा खरा भेदक प्रश्न चित्रपटाच्या हाताशी आहे. तो मांडला जातो आणि तसाच सोडून दिला जातो. ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ (२०१०) मध्ये शेवटच्या चाकूहल्ल्यामागे लहान मुलगी मारली गेल्याच्या समजातून उसळलेला संताप असतो, म्हणून प्रत्येक वार लागतो. इथे खाणावळीतली झुंज कितीही सफाईदार असली, तरी लेकीचे काहीच पणाला लागलेले नसते. मनातल्या मनात लढत आधीच खेळून पाहण्याची बोकसूनची हातोटीही अखेरच्या द्वंद्वात नुसती दृश्य-करामत उरते.

तब्बल १३७ मिनिटांत आई-लेकीच्या वाट्याला येते ते थोडेच, आणि चित्रपटाची उणीव नेमकी हीच आहे. याच विश्वावर बेतलेला ‘मँटिस’ २०२५ साली आला, तोही मारेकऱ्यांच्या कंपन्यांचीच गोष्ट सांगतो.