पोर्शे मोटारीचें रूपांतर व तिचे रसिक

जर्मनींतील स्टुटगार्ट शहर १९६८ सालापासून आपल्या मुंबईचें भगिनीनगर आहे, ही गोष्ट मुंबईकरांपैकींही थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या शहराच्या त्सुफेनहाउझेन नांवाच्या भागांत पोर्शे कंपनीचा कारखाना आहे. या कारखान्याची '९११' या आंकड्यानें ओळखली जाणारी मोटार शर्यतीच्या जातीची असूनही रोजच्या वापरांत चालणारी, म्हणून जगभर नांवाजलेली आहे. १९९७ सालीं कारखान्यानें तिचें रूप आमूलाग्र बदललें, तेव्हां तिच्या रसिकांत जो क्षोभ उसळला तो अद्याप पुरता शमलेला नाहीं. निर्जीव यंत्राच्या रूपासाठीं शहाण्यासुरत्या माणसांनीं एवढा शोक कां करावा, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल. परंतु प्रकरण खोलांत जाऊन पाहतां या शोकाचा कांहीं भाग यथार्थ, कांहीं भाग अस्थानीं, आणि कांहीं भाग भलत्याच अवयवासाठीं केलेला होता, असें आमचें मत झालें आहे. तें वाचकांपुढें ठेवितों.

१९६३ सालच्या फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनांत ही मोटार प्रथम मांडली गेली तेव्हां तिचें नांव '९०१' असें होतें. मध्यें शून्य असलेले तीन आंकडी क्रमांक मोटारींस देण्याचा फ्रान्समधील हक्क आपला आहे, अशी हरकत प्यूजो कंपनीनें घेतल्यामुळें शून्याचा एक झाला आणि '९११' हें नांव रूढ झालें. तिचें रूप रेखाटणारे फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे हे कंपनीच्या मूळ पुरुषाचे नातू व तत्कालीन धुरीण फेरी पोर्शे यांचे चिरंजीव. मागें उतरत जाणारी छपराची रेषा, उभ्या वाटोळ्या डोळ्यांसारखे दोन दिवे, आणि चालकापुढें पांच वाटोळ्या तबकड्या, एवढ्या खुणांवर ती दुरून ओळखूं येई. आंतील रचना तर याहूनही विलक्षण. सर्वसाधारण मोटारीचें एंजिन पुढें असतें. हिचें मागच्या आंसाच्याही मागें. सहा सिलिंडरें, तीन एका अंगास व तीन दुसऱ्या अंगास आडवीं निजविलेलीं. दोन लिटरांची क्षमता, १३० अश्वशक्ति. आणि तें एंजिन थंड ठेवण्यास पाणी नव्हे, वारा. एवढें वजन शेपटीकडे गेल्यामुळें वळणावर वेगाच्या पायपट्टीवरून अविचारानें पाय उचलला तर गाडीची मागची बाजू पुढें येऊं पाहते. हा दोष खराच. परंतु ज्यानें तो हातीं आवरला त्याला तोच गुण वाटूं लागतो. रसिकांचें प्रेम या दोषावरच अधिक जडलें.

मोटारींत फेरफार पूर्वींही झाले होते. १९७४ च्या नमुन्यापासून अमेरिकेंतील कायद्यामुळें धक्का सोसणारे जाड बंपर लावावे लागले. त्याच्या आधींच्या मोटारी कांहीं रसिक आजही निराळ्या कुळीच्या मानतात. १९७७ सालीं तर कारखान्यानेंच '९२८' नांवाची, पुढें एंजिन, आठ सिलिंडरें व पाण्याची व्यवस्था असलेली मोटार काढून तिला '९११' ची वारस नेमिलें. १९७८ सालचा युरोपांतील सर्वोत्तम मोटारीचा बहुमान त्या वारशीस मिळाला, पण गादी मिळाली नाहीं. १९८१ सालीं पीटर शुट्झ हे कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनीं स्वतः पुढें सांगितलेली हकीगत अशी कीं, हेल्मुट बोट या मुख्य अभियंत्याच्या खोलींत भिंतीवर भावी योजनांचा एक तक्ता टांगलेला होता. त्यावर इतर मोटारींच्या रेघा पुढें गेलेल्या आणि '९११' ची रेघ १९८१ पाशींच तुटलेली. शुट्झ यांनीं लेखणी उचलली, ती रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत ओढली, आणि तेथून न थांबतां भिंतीवरून पुढें नेली. बोट यांना काय तें समजलें. रसिकांच्या मुखीं ही कथा आज पुराणकथेसारखी झाली आहे.

परंतु भिंतीवर रेघ ओढून खजिना भरत नाहीं. १९८६ सालीं एकट्या अमेरिकेंत कंपनीच्या सुमारें ३०,००० मोटारी खपल्या होत्या; १९९३ सालीं तो आंकडा ४,००० च्याही खालीं गेला. हा स्वतंत्र कारखाना आतां कोणा मोठ्या कंपनीच्या उदरांत जाणार, अशी बोलवा उठली. वेंडेलिन वीडेकिंग यांनीं १९९२-९३ च्या सुमारास सूत्रें हातीं घेतलीं आणि टोयोटा कंपनींत मुरलेले जपानी तज्ज्ञ आणून आपल्या अभिमानी जर्मन कारागिरांना काटकसरीचे धडे देवविले. माल साठविण्याच्या उंच मांडण्या वीडेकिंग यांनीं स्वतः करवत घेऊन कापल्या, असें सांगतात. याच काटकसरींतून असा बेत ठरला कीं, 'बॉक्स्टर' नांवाची एक स्वस्त मोटार आणि नवी '९११', अशा दोन मोटारी एकाच वेळीं रचाव्या आणि नाकापासून दारापर्यंतचा बराचसा भाग दोघींना सामाईक ठेवावा. बॉक्स्टर १९९६ सालीं बाजारांत आली. नवी '९११', जिला कारखान्याच्या परिभाषेंत '९९६' म्हणतात, ती १९९७ च्या सप्टेंबरांत फ्रँकफुर्ट येथेंच प्रकट झाली. आणि रसिकांनीं पाहिलें तों थोरलीच्या धडावर धाकटीचा चेहरा! दुप्पट दाम मोजावयाचे आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्यानें ही कोणती गाडी म्हणून बुचकळ्यांत पडावें, ही तक्रार आम्हांस मुळींच क्षुल्लक वाटत नाहीं.

वेदान्तग्रंथांत देवदत्ताचें एक जुनें उदाहरण येतें. पूर्वीं एका गांवीं पाहिलेला देवदत्त पुष्कळ वर्षांनीं दुसऱ्या गांवीं भेटतो. वस्त्रें निराळीं, केंस पिकलेले, तरी आपण 'हा तोच' असें म्हणतों. मग कोणता अंश टाकला आणि कोणता धरला, हा तेथील विचार. '९११' च्या प्रकरणीं कारखाना म्हणे, 'ही तीच'. रसिक म्हणत, 'ही ती नव्हे'. कारखान्यानें धरलेला अंश म्हणजे मागच्या आंसामागचें एंजिन, आडवीं सहा सिलिंडरें, छपराची रेषा व पांच तबकड्या. रसिकांनीं धरलेला अंश म्हणजे वारा, आवाज, डोळे आणि आटोपशीर अंगकाठी. नवी मोटार जुनीहून १८५ मिलिमीटर लांब होती, आणि १९६३ पासून चालत आलेली छपराची मूळ घडणही आतां प्रथमच टाकून देण्यांत आली होती. १९६२ सालीं मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम होऊन अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हां आमच्या वडिलांना अक्षरांचीं कपाळें कोरीं पडल्यासारखीं वाटत. भाषा तीच राहिली, हें त्यांस कोणी न सांगतां कळत होतें; पण तेवढ्यानें डोळ्यांचें समाधान होत नसे. (त्यांच्याकडून उचललेली संवय आम्हीं अद्याप सोडलेली नाहीं, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.)

आतां वारा व पाणी यांचा वाद पाहूं, कारण रसिकांचा मुख्य आक्रोश त्यासाठीं होता. तापलेलें दुधाचें भांडें पंख्याच्या वाऱ्यानें निववितां येतें, आणि परातींत पाणी घालून त्यांत भांडें ठेवूनही निववितां येतें. दुसऱ्या रीतीनें उष्णता लवकर व सर्व बाजूंनीं सारखी निघते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. जुन्या '९११' च्या सिलिंडरांस बाहेरून धातूच्या पातळ पात्या होत्या; मोठा पंखा त्यांवर वारा सोडी आणि उरलेली उष्णता एंजिनांतील तेल वाहून नेई. यंत्र हलकें, फुटावयास रेडिएटर नाहीं, थंडींत गोठावयास पाणी नाहीं. त्या पंख्याची घरघर व सिलिंडरांची उघडी खडखड मिळून जो ध्वनि होई, तो या मंडळींस स्वरांप्रमाणें परिचित झाला होता. परंतु धुराचे व आवाजाचे कायदे वर्षानुवर्षें कडक होत गेले. कमी धुरांत अधिक बळ काढावयाचें तर प्रत्येक सिलिंडरास दोनांऐवजीं चार झडपा हव्यात; चार झडपांच्या दाटींत सांचणारी उष्णता नुसत्या वाऱ्यानें नीट निघत नाहीं; आणि सिलिंडराभोंवतीं पाण्याचें वेष्टन असलें म्हणजे आवाजही दबतो. '९९६' चें ३.४ लिटरांचें एंजिन ३०० अश्वशक्तीचें होतें. सारांश, वारा सोडणें ही लहर नव्हती. ज्यांनीं तो कपाळकरंटेपणा ठरविला त्यांच्याशीं आम्ही सहमत होऊं शकत नाहीं. १९९८ च्या मार्चअखेर वाऱ्यावरची शेवटची '९११' कारखान्यांतून बाहेर पडली. फेरी पोर्शेही त्याच महिन्यांत निवर्तले. या योगायोगावर रसिकांनीं किती अश्रु ढाळले असतील, याची कल्पनाच करावी.

डोळ्यांची गोष्ट निराळी. हाँगकाँगचे पिंकी लाय यांनीं या मोटारीचें बाह्यरूप रेखाटलें. पूर्वींचा वाटोळा दिवा जाऊन तेथें पुढचा दिवा, धुक्यांतील दिवा व वळण दाखविणारा नारिंगी दिवा, हे सारे एकाच कांचेखालीं आले. एकच जोड एका झटक्यांत बसे, म्हणून मजुरी वांचे. त्या कांचेचा खालचा कांठ वितळून ओघळल्यासारखा दिसे. जर्मन लोकांनीं त्यास 'श्पीगलआय', म्हणजे तव्यावर फोडून तळलेलें अंडें, असें नांव ठेविलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तो पदार्थ होत नसल्यामुळें सांगणें प्राप्त आहे कीं, त्यांत पांढरा भाग वेडावांकडा पसरतो आणि पिवळा बलक एका अंगास राहतो. उपमा क्रूर असली तरी सार्थ होती. खर्च वांचविण्याचा हेतु कितीही योग्य असला, तरी चेहऱ्यावरील काटकसर पाहणाऱ्यास दिसल्यावांचून राहत नाहीं. या बाबतींत रसिकांचीच बाजू खरी होती असें आम्हांस वाटतें, आणि कारखान्यानेंही तें बोलून न दाखवितां मान्य केलें. २००२ च्या नमुन्यांत दिवे बदलले. २००४ सालीं आलेल्या पुढच्या पिढींत तर उभे, वाटोळेपणाकडे झुकणारे डोळे परत आले आणि नारिंगी दिवा पूर्वींसारखा वेगळा बसला. पाणी मात्र तसेंच राहिलें.

एवढा कोलाहल दिव्यांसाठीं व वाऱ्यासाठीं चालला असतां खरी व्याधि पोटांत होती. नव्या एंजिनांत मधल्या दांड्याच्या टोंकास एक लहानसें बेअरिंग होतें. तें कांहीं मोटारींत अवचित फुटे, आणि तें फुटलें म्हणजे बहुधा सबंध एंजिनच निकामी होई. रसिकांनीं यावरूनही पाण्यासच बोल लाविला. तें सर्वस्वीं अन्यायाचें होतें; कारण त्याच पिढींतील टर्बो व जीटी-३ या महाग मोटारींत हान्स मेट्सगर यांच्या जुन्या बांधणीवरून निघालेलें निराळें एंजिन होतें, तेंही पाण्यानेंच थंड होई, आणि त्यांत हा दोष नव्हता. दोष हातचें राखून केलेल्या रचनेचा होता. २००८ सालीं आलेल्या नव्या एंजिनांतून कारखान्यानें तो मधला दांडाच काढून टाकला. ज्यांचीं एंजिनें त्यापूर्वीं गेलीं त्यांच्या तक्रारीस दिव्यांच्या थट्टेएवढी प्रसिद्धि पहिल्यानें लाभली नाहीं, ही या प्रकरणांतील आम्हांस सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

इकडे खप पाहावा तर सुमारें पावणेदोन लाख '९९६' तयार झाल्या. शेवटच्या वाऱ्याच्या पिढीच्या अडीच पट. कारखाना वांचला, आणि पुढें श्रीमंतही झाला. जुन्या पंथाचे लोक मात्र स्वस्थ बसले नाहींत. कॅलिफोर्नियांत २०१४ पासून 'लुफ्टगेक्यूल्ट', म्हणजे वाऱ्यानें निवविलेली, या नांवाचा मेळा भरतो. त्यांत वाऱ्यावरच्याच पोर्शे मोटारींस मान असतो. त्याच प्रांतांतील सिंगर नांवाची एक संस्था १९९० च्या सुमारच्या '९११' घेऊन त्यांस त्यांच्याही पूर्वींच्या काळचें रूप देते आणि त्याबद्दल अलोट द्रव्य घेते. वाऱ्याच्या शेवटच्या पिढीचे भाव कांहींच्या बाहीं चढले. दुर्लक्षित '९९६' मात्र पुष्कळ वर्षें सर्वांत स्वस्त मिळणारी '९११' राहिली. त्यामुळें बेताच्या मिळकतीच्या तरुणांनीं पहिली पोर्शे म्हणून तीच घेतली, आणि हळूहळू तिलाही भक्त मिळाले.

११ मे २०१७ रोजीं दहा लाखावी '९११' तयार झाली. हिरव्या रंगाची ती मोटार न विकतां कारखान्यानें स्वतःपाशीं ठेविली आहे. तोंवर गाऱ्हाण्यांची यादी वाढतच होती: २०११ सालीं स्टिअरिंग विजेच्या साह्यानें फिरूं लागलें, २०१५ सालीं साध्या कॅरेरा जातीसही टर्बो आला. २०२४ च्या मे महिन्यांत विजेच्या मोटरची जोड असलेली, रस्त्यावर चालविण्याजोगी पहिली '९११' आली. तिच्याबरोबर मधली खरी कांट्याची तबकडी जाऊन तेथें सगळाच चित्रपडदा बसला, आणि डाव्या हातानें किल्लीसारखें फिरवावयाचें खुंट जाऊन दाबावयाचें बटण आलें. अश्वशक्ति, वेग, धूर यांविषयीं मंडळी फारसें बोललीच नाहींत. बोललीं तीं त्या कांट्याविषयीं व त्या खुंटाविषयीं. आणि बोलणाऱ्यांत वाऱ्याचे जुने अभिमानी जसे होते, तसे तळलेल्या अंड्याच्या डोळ्यांची '९९६' बाळगणारेही होते.