एका गळ्यातले दोन सूर आणि तुमचा संशोधन-प्रश्न

काल्मिक गायक ओकना त्सागान झाम दोनतारी दोम्ब्रावर ‘जांगर’ हे महाकाव्य गातात, तेव्हा आवाज खोल, घोगरा लागतो. ऐकल्यावर पहिला प्रश्न पडतो: हे होतं कसं?

आपल्या प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे अधिस्वर असतातच. कंठगायनात जीभ आणि ओठांनी पोकळी बदलून त्यातला एखादा उचलला जातो. २०२० साली तुवाच्या गायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की दोन अनुनाद जवळ आणल्यामुळे ऊर्जा साधारण १ ते २ किलोहर्ट्झमध्ये एकवटते.

आता सांभाळा! हे मोजमाप तुवातलं आहे. त्यावरून काल्मिकियाची परंपरा सिद्ध होत नाही.

तिथला इतिहास वेगळा. १९०८ मध्ये नोम्तो ओचिरोव यांनी एलयान ओव्ला यांच्याकडून ‘जांगर’ लिहून घेतलं. शब्द कागदावर आले, पण गळा कसा लावला हे शब्दांवरून कळत नाही. पुढे २८ डिसेंबर १९४३ ला अख्ख्या समाजाला सायबेरियाकडे हद्दपार केलं. स्वायत्तता परत मिळाली ती १९५७ मध्ये. या तेरा वर्षांत कोण कोणाकडून शिकलं, हे वर्णपट सांगणार नाही. त्यासाठी मुलाखती आणि दफ्तरखानाच हवा. ते न बघता ‘अखंड प्राचीन परंपरा’ असं लिहिलंत, तर त्या माणसांनी सोसलेलं एका विशेषणात पुसलं जातं.

म्हणून आराखड्यात प्रत्येक प्रश्नासमोर त्याचा पुरावा लिहा. जागा रिकामी राहिली, तर आधी तिथे काम करा.