विश्लेषण : महामार्गाच्या पुलाखालचा सिग्नल किती सेकंदांचा हवा? उसाच्या ट्रॉलीमुळे गणित कसे बदलते?

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गढी येथे सोलापूर-धुळे (क्र. ५२) आणि कल्याण-निर्मल (क्र. ६१) हे दोन राष्ट्रीय महामार्ग मिळतात. साखर कारखानाही इथेच आहे. गाळप हंगामात कंटेनर, एसटी, दुचाकी आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर एकाच रस्त्यावर येतात. अशा ठिकाणी महामार्ग पुलावरून नेला तरी वळणारी वाहने पुलाखालच्या चौकात उतरतातच. तिथे सिग्नल बसवायचा, तर सेकंदांचा हिशेब कसा करतात?

वेळ ठरते कशी?

ब्रिटनमधील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये मांडलेले सूत्र अभियांत्रिकीच्या वर्गात आजही शिकवतात. लाल-हिरव्या-पिवळ्याची एक पूर्ण फेरी म्हणजे सायकल. या फेरीत वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून त्यात ५ मिळवायचे आणि १ मधून चौकावरचा भार वजा करून आलेल्या आकड्याने भागायचे. समजा, वाया जाणारा वेळ १६ सेकंद आणि भार ०.६ आहे. सायकल येते साधारण ७२ सेकंदांची. भार ०.७५ झाला की तीच ११६ सेकंदांवर जाते. भार पावपट वाढला, थांबणे मात्र दीडपटीहून अधिक!

हा भार मोटारींच्या हिशेबात मोजतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या इंडियन रोड काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, ट्रॉलीसह ट्रॅक्टर म्हणजे साडेचार आणि बैलगाडी म्हणजे तब्बल आठ. म्हणजे दहा ट्रॅक्टर आले की कागदावर ४५ मोटारी आल्या. हे कोष्टक सिग्नलसाठी नाही, पण अंदाज यावा इतके पुरे.

खरा धोका कुठे?

हिरवा संपून दुसऱ्या बाजूचा हिरवा लागेपर्यंतच्या काही सेकंदांत. आत शिरलेले वाहन बाहेर पडावे म्हणून सगळीकडे थोडा वेळ लाल ठेवतात, त्याला ‘ऑल रेड’ म्हणतात. चौक ४० मीटर रुंद धरू. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी चार सेकंदांत पार होते. भरलेला ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटरने निघाला आणि ट्रॉल्यांसह त्याची लांबी १५ मीटर असली, तर शेवटची ट्रॉली बाहेर पडायला २० सेकंद लागतात. मोटारीकडे पाहून ऑल रेड दोन-तीन सेकंदांचा ठेवला, तर मागची ट्रॉली चौकातच असताना समोरून गाड्या सुटतात. रात्री, मागे रिफ्लेक्टर नसताना काय होते, हे या भागात कुणाला सांगायला नको.

मग सरळ २० सेकंद ठेवावेत? तेही चालत नाही. रिकाम्या चौकात इतका वेळ लाल दिसला की दुचाकीस्वार सिग्नल तोडतात. शिवाय हे सेकंद वाया जाणाऱ्या वेळेत धरले जातात आणि सायकल आणखी फुगते.

पुलाखाली अडचण दुहेरी का?

कारण तिथे चौक एक नसून दोन असतात, पुलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन्हींत ८० मीटर अंतर असेल, तर ताशी ३० किलोमीटरची मोटार ते दहा सेकंदांत कापते, ट्रॅक्टरला २९ सेकंद लागतात. दुसरा हिरवा मोटारीच्या वेळेला जुळवला, तर ट्रॅक्टर मधे अडकतो. या मधल्या जागेत एका रांगेत असे चार-पाचच ट्रॅक्टर मावतात. सहावा आला की रांग मागे सर्व्हिस रोडवर, तिथून रॅम्पवर आणि शेवटी महामार्गावर जाते. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या वाहनाला थांबायला सुमारे १२० मीटर लागतात. रांगेचे शेपूट त्याला त्याआधी दिसायला हवे.

उपाय काय?

दोन्ही चौक एकाच नियंत्रकावर घेणे, हे पहिले. रॅम्पवर रांग ठरावीक खुणेपर्यंत पोहोचली की त्या बाजूला हिरवा देणारा सेन्सर, हे दुसरे. आणि ट्रॉली आत असेल तेवढ्याच वेळा ऑल रेड लांबवणारा कॅमेरा. ज्या चौकात तेवढा खर्च परवडत नाही, तिथे हंगामी वेळापत्रक तरी हवे. एका नियंत्रकात अनेक वेळापत्रके साठवता येतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्चसाठी वेगळे आकडे भरणे अवघड नाही.

मात्र त्यासाठी वाहनांची मोजणी गाळप सुरू असताना आणि रात्रीही व्हायला हवी. जूनमध्ये मोजली, तर ट्रॅक्टर पेरणीला गेलेले असतात.