'पास अवे' कोठे लिहावे?

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या निधनाची वार्ता इंग्रजीत कळविली : 'माय फादर पास्ड आऊट.' 'पास आऊट' म्हणजे शुद्ध हरपणे. आपल्याकडे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्यासही तेच म्हणतात. त्याला म्हणावयाचे होते 'पास्ड अवे'. दुःखाच्या घडीला चूक दाखविणे बरे वाटले नाही. आज स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहे.

'पास' म्हणजे जाणे, 'अवे' म्हणजे दूर. आपण 'ते गेले' म्हणतो, तसाच हा मृदू प्रयोग. 'वॉज पास्ड अवे' मात्र अशुद्ध. दिनांक दिला असेल तर 'हॅज'ही नको. 'एक्स्पायर' हा शब्द औषधाच्या बाटलीसाठी राखावा, असे माझे मत आहे. आपल्या घरांत 'स्वर्गवासी' न म्हणता 'कालकथित' म्हणतात. पालीतही मरण पावणे म्हणजे 'कालं करोति'. नावामागे 'कालकथित' लावतो तेथे इंग्रजीत 'द लेट' लिहावे. 'पास अवे'मध्ये स्वर्गाचा उल्लेख नाही, म्हणून तो आपल्याला चालतो. 'पास ऑन'मध्ये मात्र पुढे कोठेतरी जाण्याची छटा आहे.

या क्रियापदाला कर्म नसते, त्यामुळे मारणारा त्यात दिसतच नाही. माथेरानचे भाई कोटवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. एका निबंधात 'कोटवाल पास्ड अवे' असे वाचले, तेव्हा मी ते खोडून 'वॉज किल्ड' लिहिले. अंथरुणावरील मरण आणि गोळीने आलेले मरण यांना एकच शब्द लावला, तर त्या हौतात्म्याचे काय उरले?

'किल्ड'साठी मारेकरी माणूसच असावा लागतो असे नाही. पूर, अपघात, दरड यांनाही तो शब्द लागतो. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ता राहिली. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. त्या रात्रीच्या अहवालात 'वेअर किल्ड'च हवे. त्या मुलांपैकी एखाद्याला सांत्वनाचे पत्र लिहावयाचे झाले, तर मात्र मी 'पास्ड अवे' लिहीन.