बुलबुलाचं घरटं बघताना

गेल्या मार्चमध्ये कॉलेजच्या चॅपलमागे, क्रोटनच्या झुडपात लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. जेमतेम कमरेच्या उंचीवर. सुकं गवत, बारीक मुळं आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे यांची छोटीशी वाटी, आत तीन अंडी. फिकट गुलाबी, वर तांबूस ठिपके. आनंदाच्या भरात मी सगळ्या वर्गाला सांगितलं. रोज पाच-सहा जण पानं बाजूला सारून फोटो काढायचे. पाचव्या दिवशी घरटं रिकामं होतं.

अंडी कोणी नेली ते आम्ही पाहिलं नाही. पण आम्ही जवळ गेलो की जोडी ओरडत सुटायची, आणि चॅपलच्या छपरावर कावळे बसलेले असायचे. घरट्याला आडोसा पानांचाच असतो. तो आम्हीच उघडत होतो.

अंडी गेली तरी बुलबुल त्याच हंगामात पुन्हा घरटं करतात. एप्रिलमध्ये लिंबाच्या झाडात दुसरं घरटं दिसलं. या वेळी आम्ही तिघांनीच व्हरांड्याच्या पायरीवरून, दुर्बिणीने बघायचं ठरवलं. माळीकाकांनाही ती बाजू छाटू नका म्हणून सांगितलं.

अंडी साधारण दोन आठवडे उबवली जातात. पिल्लं जन्मतात ती उघडी, डोळे मिटलेली. नर-मादी दिसायला सारखीच, त्यामुळे कोण आलं कोण गेलं कळत नाही. भरवतात मात्र दोघंही. एरवी फळं खाणारे हे पक्षी पिल्लांसाठी अळ्या आणि किडे आणतात, कारण वाढीला प्रथिनं लागतात. परतताना चोचीत कधी पांढरी पुरचुंडी दिसते. ती पिल्लाची विष्ठा! घरटं स्वच्छ राहतं आणि शत्रूला माग लागत नाही.

बारा-एक दिवसांत पिल्लं घरटं सोडतात, पण तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. जमिनीवर बसलेलं पिल्लू ‘पडलं’ असं समजून आपण उचलतो, तिथेच चूक होते. पिसं आलेली असतील तर आई-बाप जवळच असतात आणि खाली येऊन भरवतात. आपण फक्त मांजरांना दूर ठेवायचं. पिसं नसलेलं पिल्लू मात्र अलगद घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे.

आणखी एक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणंही ‘शिकारी’च्या व्याख्येत येतं. मार्चमधले आमचे फोटो आठवले की हा शब्द टोचतो.

मे महिन्यात लिंबावरून दोन पिल्लं बाहेर पडली. त्यांचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. यंदा तुम्हाला घरटं दिसलं, तर आधी पंधरा पावलं मागे या. मग खुशाल बघत बसा.