वेब सर्व्हरचे स्थितीसंकेत : अर्थभेद आणि संशोधनातील महत्त्व

प्रस्तावना

संशोधनपर लेखनाच्या संदर्भसूचीत संकेतस्थळांचे पत्ते आता सर्रास आढळतात. कालांतराने त्यांपैकी एखादा पत्ता उघडला नाही, की ‘संकेतस्थळ बंद आहे’ असा सरसकट शेरा मारला जातो. वस्तुतः वेब सर्व्हर प्रत्येक मागणीला उत्तर देताना तीन अंकी स्थितीसंकेत पाठवितो आणि त्यातून न उघडण्याचे कारण बऱ्याच अंशी कळते. या संकेतांतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वर्गीकरण

एचटीटीपीच्या १९९१ मधील आरंभीच्या रूपात असे संकेत नव्हते. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते दिलेले आहेत. जून २०२२ चा ‘आरएफसी ९११०’ हा आजचा प्रमाण दस्तऐवज होय. संकेताचा पहिला अंक वर्ग दर्शवितो : १ – प्राथमिक सूचना, २ – यश, ३ – पुनर्निर्देशन, ४ – मागणीतील दोष, ५ – सर्व्हरची असमर्थता.

महत्त्वाचे भेद

३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ३०२ म्हणजे तात्पुरता. पहिल्या प्रसंगी संदर्भातील पत्ता सुधारावा, दुसऱ्या प्रसंगी मूळ पत्ताच ठेवावा. ४०१ हा संकेत ओळख पटविण्याची मागणी करतो, तर ४०३ मध्ये सर्व्हर मागणी समजूनही ती नाकारतो. ४०४ चा अर्थ पृष्ठ सापडले नाही एवढाच. ही स्थिती तात्पुरती की कायमची, हे त्यातून कळत नाही. पृष्ठ हेतुपुरस्सर व बहुधा कायमचे काढले असल्यास ४१० हा संकेत उचित ठरतो. कायदेशीर कारणास्तव मजकूर रोखल्यास ४५१ योजतात. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीवरून हा क्रमांक घेण्यात आला. ५०० सर्व्हरमधील अनपेक्षित बिघाड सुचवितो. ५०३ मात्र अतिभार वा देखभालीमुळे आलेली तात्पुरती अडचण. निकालाच्या दिवशी ५०३ दिसल्यास काही वेळाने पुन्हा प्रयत्न करणे सयुक्तिक ठरते.

सर्व्हरपर्यंत संपर्कच न झाल्यास कोणताही संकेत मिळत नाही. डोमेन नावाची मुदत संपून ते नाहीसे झाल्यास असे घडते.

फसवे यश

सर्वांत घातक प्रकार म्हणजे पृष्ठ नसतानाही २०० हा यशाचा संकेत पाठविणे. वाचकाला पडद्यावर ‘पृष्ठ उपलब्ध नाही’ असे दिसते; परंतु दुवे तपासणारी आज्ञावली तो दुवा सुस्थितीत असल्याची नोंद करते. संकेतस्थळाची पुनर्रचना करताना सर्व जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळविल्यानेही हाच परिणाम होतो : दुवा चालतो, पुरावा मात्र हरवतो.

समारोप

महाविद्यालयांचे अहवाल, अभ्यासक्रम व नियतकालिके आता संकेतस्थळांवर असतात. त्यांचे स्थलांतर करताना प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी नेमके ३०१ पुनर्निर्देशन देणे, काढलेल्या मजकुरासाठी ४१० वापरणे आणि संदर्भ देताना पाहिल्याचा दिनांक व शक्य तेथे संग्रहित प्रत नोंदविणे आवश्यक आहे. ग्रंथालयात पुस्तक दुसऱ्या कपाटात हलविले, वाचकास दिले की बाद केले, याची वेगवेगळी नोंद ठेवली जाते. तोच काटेकोरपणा संकेतस्थळांबाबतही पाळला, तरच आपल्या संदर्भांची विश्वासार्हता टिकेल.